भंडारा लावलेली घोंगडी

दिवाळी उलटून आठवडा झाला नव्हता तोच ज्ञानेश्वरीच्या फोनवर निरोप आला, की मल्हारी सांडू शिंगाडे हे वापरलेला माल नवा म्हणून विकतात, सबब त्यांचं दुकान बंद करण्यात आलं आहे.

दुकान म्हणजे तरी काय, फोनमधलं एक पान. त्यावर तिच्या सासऱ्यानं, म्हणजे मल्हारीनं, मागावर विणलेल्या घोंगड्यांचे फोटो. बारावी शिकलेली सून घरात आली, तिनं शहरात पुंडलिकनगरला राहणाऱ्या नणंदेच्या, प्रांजलीच्या मदतीनं ते पान उघडलं, आणि दोन वर्षांत पुण्या-नाशिकपर्यंत घोंगड्या जायला लागल्या. कधी कुणी नावं ठेवली नव्हती. आता पुण्याच्या कुणा बाईनं तक्रार केली होती. सोबत फोटो. घोंगडीच्या पांढऱ्या काठावर बोटभर पिवळा डाग आणि खाली लिहिलेलं, 'घाण, वापरलेले वाटते.'

ज्ञानेश्वरीनं डाग ओळखला. तो सासूच्या बोटाचा होता.

दौलताबादच्या किल्ल्याखालच्या त्या वस्तीवर शिंगाड्यांच्या घरची रीत जुनी होती. मागावरून घोंगडी उतरली की सारजाबाई ती अंथरायची, चार कोपऱ्यांना खंडोबाचा भंडारा लावायची, आणि मगच घोंगडी उंबऱ्याबाहेर जायची. बिनभंडाऱ्याची घोंगडी घरातून काढणं म्हणजे पोरीला कुंकू न लावता सासरी धाडण्यासारखं. आता त्या बोटभर हळदीपायी दुकान बंद पडलं होतं आणि चौदा तयार घोंगड्या वलणीवर लोंबत होत्या.

एरवी ज्ञानेश्वरीनं कपाळाला हात लावून सोडून दिलं असतं. पण यंदा गोष्ट मागावर आली होती. पावसानं दगा दिलेला, मका गुडघ्याएवढी होऊन वाळलेली, मेंढरं मल्हारीचा चुलतभाऊ कडुबा गोदावरीच्या काठाला घेऊन गेलेला. मल्हारीचे गुडघे गेलेले, त्यामुळं त्याला आता कळपामागं चालता येत नव्हतं. त्याला जमत होतं ते एवढंच, की बाहेरच्या खोलीतल्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडायचे, पायाखालच्या पावड्या दाबायच्या आणि दोऱ्याचा धोटा आरपार फेकायचा. खड्ड्यात पाय सोडून बसलं की गुडघे दुखत नाहीत, असं तो म्हणायचा. आणि नेमका त्याच खड्ड्यावर मुलाचा डोळा होता.

मुलगा अंगद, ज्ञानेश्वरीचा नवरा, वाळूजला कंपनीत ठेक्यावर होता. शहर वाढत वाढत वस्तीला येऊन टेकलेलं. ज्याच्या त्याच्या घरात कंपनीची पोरं भाड्यानं राहत होती. अंगदचं म्हणणं, खड्डा बुजवू, वर फरशी टाकू, खोली देऊन टाकू. दसऱ्याला बापलेकांची त्यावरून जुंपली होती. शेवटी ठरलं, की चंपाषष्ठीपर्यंत घोंगड्यांची मागणी अशीच चालू राहिली तर खड्ड्याचं नाव काढायचं नाही. थांबली, तर खड्डा बुजवायचा. मल्हारीनं हो म्हटलं होतं. तो शब्दाला पक्का माणूस.

"आत्याबाई," ज्ञानेश्वरी सासूपाशी जाऊन बसली. सारजाबाई सूत काढत होती. "एक बोलू का? घोंगडीला भंडारा नका लावू आता."

चाती फिरायची थांबली. "काऊन?"

"लोकं म्हणायलेत डाग हाय म्हून."

"डाग?" सारजाबाईनं स्वतःच्या बोटाकडं पाहिलं. "देवाचा भंडारा म्हंजी डाग व्हय गं?"

सासूचं ते पिवळट बोट पाहून ज्ञानेश्वरीला स्वतःचीच लाज वाटली. म्हातारीनं बोट लुगड्याला पुसलं, पुन्हा पुसलं, आणि चाती हातात घेतली.

मल्हारी तेव्हा एसटीनं कडुबाकडं मेंढरं बघायला गेलेला होता. तो नसताना दोघींनी एक घोळ करून ठेवला. डाग गेले, साफ घोंगड्यांचे फोटो धाडले, की दुकान उघडेल असं ज्ञानेश्वरीच्या मनानं घेतलं. तीन दिवसांनी एकदा टँकर यायचा, घरटी दोन टिपाडं मिळायची. त्यातलं पिण्याचं बाजूला काढून बाकीचं सगळं पाणी त्यांनी घोंगड्यांवर घातलं. काठाला साबण लागला तशी हळद रक्तासारखी लाल झाली, म्हणून अजून चोळलं. काठ चोळता चोळता सगळी घोंगडी भिजली. भिजलेली घोंगडी म्हणजे मेलेलं जनावर, दोघींना मिळून उचलेना. सारजाबाईच्या बोटांना आधीच चिरा पडलेल्या, त्यांत साबण गेला. ती दात आवळून चोळत राहिली. भामाबाई शेजारीण कुडावरून बघून म्हणाली, "प्यायला पाणी नाय आन् तुमी घोंगड्या धुता व्हय? लई पाणी झालंय बाई तुमच्याकडं."

तीन दिवसांत चौदा घोंगड्या धुऊन झाल्या. मल्हारी परत आला, वलणीपाशी गेला आणि एका घोंगडीचा काठ त्यानं चिमटीत धरला. काठ मऊ लागला. लिबलिबीत.

"खळ कुठं गेली हिची?" त्यानं विचारलं.

कोऱ्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. त्या खळीनं ती ताठ उभी राहते, आणि हात लावताच कळतं की कोरी आहे. ती खळ टँकरच्या पाण्यात वाहून गेली होती. कोरी आहे हे दाखवायला धुतलेल्या चौदाच्या चौदा घोंगड्या आता खरोखरच दहा वर्षं पांघरल्यासारख्या दिसत होत्या.

मल्हारी रागावला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला, गुडघे चोळले, आणि बायकोला म्हणाला, "चिंचोके भिजू घाल." पुढचे आठ दिवस म्हातारा खळ शिजवत होता, कुंच्यानं एकेक घोंगडीला पुन्हा लावत होता, उन्हात ताणत होता. ओणवं राहून राहून त्याची कंबर धरली. रात्री सारजाबाई शेकायची.

फोटो गेले. उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. माणसानं लिहिलेलं नव्हतं हे उघडच होतं, माणूस इतक्या लवकर शिवीसुद्धा देत नाही. माल जिथून खरेदी केला त्या व्यापाऱ्याची पावती जोडा, असं त्यात होतं.

"कुठून घेतला म्हणजी?" मल्हारीनं विचारलं. "मेंढराकडून घेतला."

"पावती पायजे म्हणतेत मामा."

"मंग कडुबाला सांग, मेंढराचा अंगठा घेऊन धाड म्हणावं."

सारजाबाईसुद्धा हसली. पण ज्ञानेश्वरीला हसू आलं नाही. आम्ही स्वतः विणतो, पावती नसते, असं तिनं लिहिलं. मेंढरं भादरायच्या कातरीचा फोटो धाडला, लोकरीच्या पोत्यांचा धाडला, खड्ड्यात बसलेल्या सासऱ्याचा धाडला. दर वेळी अर्ध्या मिनिटात तेच उत्तर, आणि शेवटी तीच ओळ, की आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पाचव्यांदा ती ओळ वाचली तेव्हा तिला शिसारी आली. तोंडावर थुंकून वर नमस्कार करावा तसलं ते आभार मानणं होतं.

त्याच दिवसांत एके दुपारी प्रांजली माहेरी आली, ती हातात एक पुडकं घेऊन. "वहिनी, हे बघ मी काय मागवलंय. तुझं दुकान शोधत होते, तर हेच वर आलं."

पुडक्यावर छापलं होतं, 'अस्सल धनगरी घोंगडी, शंभर टक्के लोकर, भंडाऱ्यासह.' आत चकचकीत काळं काहीतरी होतं, वजनाला लुगड्याएवढं, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात पिवळी पूड. पुडकं फोडल्याबरोबर घरात रॉकेलसारखा वास सुटला.

मल्हारी खड्ड्यातून वर आला. त्यानं ते कापड हातात घेतलं, नाकाला लावलं आणि झटकन लांब धरलं. एक दोरा ओढून त्यानं काडी पेटवली. लोकर जळली तर केसासारखी जळते आणि चिमटीत राख होते. हा दोरा वितळला. काळा धूर निघाला आणि टोकाला कडक मणी झाला.

"मेण हाय का काय हे?"

"प्लॅस्टिक म्हणायचं दादा," प्रांजली बापाला म्हणाली.

सारजाबाईनं पाकीट फोडून पूड तळहातावर घेतली, जिभेला लावली आणि दारात जाऊन थुंकली. एकदा थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली. हळद नव्हतीच ती. भिंतीला द्यायचा रंग असावा. "खंडोबाच्या नावानं असलं इकतेत?" ती म्हणाली. "आन् माझा भंडारा घाण?"

फोनवर त्या मालाखाली चार हजार लोकांनी चांगलं लिहिलेलं. 'पवित्र वाटले', 'गावची आठवण आली', 'भंडारा पाहून डोळ्यांत पाणी आले.' ज्ञानेश्वरीनं ते एकेक करत शेवटपर्यंत वाचलं.

प्रांजलीनं तिथंच बसून तक्रार केली, की लोकर सांगून प्लॅस्टिक दिलं. तिचे पैसे संध्याकाळपर्यंत परत आले. माल मात्र पानावर जसाच्या तसा. 'तपासणी केली, नियमांचे उल्लंघन आढळले नाही.'

मार्गशीर्ष लागला. ज्या कंपनीकडं ते फोनमधलं दुकान होतं, तिनं शहरात एका हॉटेलात विक्रेत्यांचा मेळावा ठेवला होता. ज्ञानेश्वरी सकाळीच काळीपिवळीत बसली. मांडीवर दोन घोंगड्या होत्या, एक सासऱ्याची आणि एक ती वासाची. हॉलात गारवा होता, खुर्च्यांना पांढरे कपडे घातले होते. तिच्या पायांवर फुफाटा तसाच होता, तो दिसू नये म्हणून तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. चार तास बसल्यावर गळ्यात पट्टा घातलेल्या एका साहेबानं तिला बोलावलं. पोरगेलासा होता. बोलायला गोड.

तिनं दोन्ही घोंगड्या टेबलावर ठेवल्या. त्यानं मल्हारीच्या घोंगडीला दोन बोटं लावली आणि लगेच बाटलीतलं औषध हाताला चोळलं. दुसरीला हातच लावला नाही.

"ताई, रूल सबको सेम आहे," तो म्हणाला.

"मंग ह्यांना काऊन नाय लागला? हे प्लॅस्टिक हाय. वर लोकर छापलंय."

"त्यांच्यावर कंप्लेंट नाही ना."

"मी केली की. चार येळा केली."

"तुमचं खातं बंद आहे. बंद खात्याची कंप्लेंट सिस्टम घेत नाही."

"माझ्या नणंदेनं केली. तिचं खातं चालू हाय."

"त्यांना पैसे मिळाले ना परत? मग मॅटर क्लोज."

ज्ञानेश्वरीनं दोन्ही घोंगड्या शेजारी शेजारी सरकवल्या. "बरं, भंडारा तं दोघांच्याबी घोंगडीला हाय."

साहेब हसला. समजूत घालावी तसा पुढं झुकला. "त्यांचा पाकिटात आहे ताई. तुमचा कपड्यावर. पाकिटात असला तर गिफ्ट, कपड्यावर असला तर डाग. आणि देखो, ते मोठे सेलर आहेत. महिन्याला हजारो पीस. त्यांचं खातं असं एका कंप्लेंटवर थोडंच बंद करणार?"

त्यानं हे इतक्या सहज सांगितलं, की त्यात काही लपवण्यासारखं आहे हेही त्याच्या गावी नव्हतं. ज्ञानेश्वरीला वाटलं, टेबलावरचं ते काळं कापड उचलावं आणि ह्याच्या तोंडात कोंबावं. पण चंपाषष्ठीला पाचच दिवस उरले होते. तिनं विचारलं, "मंग आमी काय करावं?"

"सोपं आहे. ज्याच्या नावावर खातं आहे त्यानं व्हिडिओ करायचा. चूक कबूल. अर्ध्या मिनिटात खातं चालू. सगळे करतात, कुणी बघत पण नाही."

"पण चूक झालीच नाय."

"ते तुम्ही ठरवा," साहेब म्हणाला आणि त्यानं पुढच्याला हाक मारली.

दोन दिवस तिनं घरात सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी अंगदनं दारात मुरमाची एक ट्रॉली पाडून घेतली. बाप ढिगाला वळसा घालून आत गेला आणि मागावर बसला. ज्ञानेश्वरीला मात्र तो मुरूम बघवेना. ती खड्ड्याच्या कडेला जाऊन बसली आणि सासऱ्याला सगळं सांगितलं. काय म्हणायचं ते फोनवर लिहून आलं होतं. तिनं वाचून दाखवलं, 'मी माझ्या खात्यावरून वापरलेला माल नवा म्हणून विकला. ही माझी चूक आहे. मी पुन्हा असे करणार नाही.'

मल्हारीनं धोटा थांबवला. "म्या कवा इकला?"

"नाय इकला मामा. नुस्तं म्हणायचं. कोण बघायलंय?"

"आन् म्हणल्यावर माग ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल."

म्हाताऱ्यानं ताण्याच्या दोऱ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "घे फोन."

पहिल्या वेळी तो म्हणाला, "म्या मल्हारी सांडू शिंगाडे. घोंगडी नवीच व्हती, पण तुमी म्हणता म्हून..." फोननं ते घेतलं नाही. जसं लिहिलं तसंच म्हणायला हवं होतं. दुसऱ्या वेळी तो लिहिल्याप्रमाणे म्हणाला, तर उजेड कमी, चेहरा नीट दिसत नाही, डोक्यावरचे काढावे, असं आलं.

"पटका काढा लागतो मामा," ज्ञानेश्वरी खाली बघून म्हणाली. "आन् भाईर उन्हात या लागंल."

मल्हारीला कुणी उघड्या डोक्यानं पाहिलेलं नव्हतं, सुनेनं तर नाहीच. मयतीतच काय तो पटका उतरायचा. त्यानं दोन्ही हातांनी पटका उचलला आणि मागाच्या तुळईवर ठेवला. डोकं पांढरं, लहान, एखाद्या लेकराचं असावं तसं निघालं. तो भिंत धरत अंगणात आला. मुरमाच्या ढिगापाशी ऊन चांगलं होतं, तिथं उभा राहिला.

"जोरात म्हणा मामा. आवाज गेला पायजे."

त्यानं हात जोडले. जोडायला कुणी सांगितलं नव्हतं. "मी माझ्या खात्यावरून वापरलेला माल नवा म्हणून विकला," तो ठासून, एकेक शब्द तोडून म्हणाला. "ही माझी चूक आहे. मी पुन्हा असे करणार नाही."

कुडापलीकडं भामाबाई भांडी घासत होती. तिचे हात थांबले. "अगं बया," ती म्हणाली, "दाजी, आमच्या पोरीच्या लग्नात दिलेली बी तसलीच व्हती का काय?"

मल्हारीनं तिच्याकडं पाहिलं. त्याचे हात अजून जोडलेलेच होते. तो तसाच उघड्या डोक्यानं आत गेला. ज्ञानेश्वरी कुडाकडं धावली, "नाय हो मावशी, तसं नाय, ते फोनसाठी..." पण भामाबाईनं भांडी उचलली होती. दिवस मावळेपर्यंत वस्तीला कळलं असणार.

फोन वाजला. अर्धं मिनिट लागलं, साहेबानं सांगितलं होतं तेवढंच. 'अभिनंदन! आपले दुकान पुन्हा सुरू झाले आहे.' रात्री जेवताना अंगद स्वतःहून म्हणाला, "चला, झालं ते बरं झालं. मुरूम मी अंगणात पसरून टाकतो." मल्हारीनं अर्धी भाकर खाल्ली आणि हात धुतला.

पहाटे ज्ञानेश्वरीला खरवडल्यासारखा आवाज आला. ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा उजाडत होतं. माग सुटलेला होता. तुळई भिंतीला उभी केली होती. अर्धी विणलेली घोंगडी ताण्यासकट कापून गुंडाळून ठेवली होती. मल्हारी गुडघ्यांवर रांगत घमेलं ढकलत होता आणि मुरूम खड्ड्यात ओतत होता. सारजाबाई दाराशी बसली होती, हातात काही नव्हतं. ती नवऱ्याला थांबवत नव्हती.

अंगद रात्रपाळी करून सायकलवरून उतरला. दारातच थबकला. "दादा! हे काय करायले? दुकान उघडलं की. म्या आता म्हणलो का बुजवा म्हून?"

"तू नाय म्हणला," मल्हारी म्हणाला.

"मंग?"

"आता बसवत नाय रं मला त्यात." त्यानं घमेलं रिकामं केलं, तळ हातानं थोपटला. "धोटा फेकाय गेलो का कालचं तेच तोंडात येतंय."

अंगदनं बापाच्या हातातलं घमेलं धरलं, पण ओढून घ्यायचं त्याला धाडस झालं नाही. त्यानं ते सोडलं आणि तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. आत मुरूम पडत राहिला. ज्ञानेश्वरीच्या हातात फोन होता. रात्रीतून दोन घोंगड्यांची मागणी आली होती. तिला त्या फोनची इतकी किळस आली, की तो हातात धरवेना. तिनं तो पालथा करून कोनाड्यात ठेवला आणि ती खड्ड्याच्या काठावर खाली बसली.

"मामा," ती म्हणाली, "माझं चुकलं व्हय?"

मल्हारी दम खायला थांबला. त्याच्या उघड्या डोक्यावर मुरमाची धूळ बसली होती. त्यानं सुनेकडं मायेनं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता.

"तुझं काय चुकलं पोरी?" तो म्हणाला. "तू तं फोन लई नीट धरला व्हता. हात जरा बी हालला नाय तुझा."